रोज मिस्सेला जाते, तरी घरी आल्यावर ओरडते

पत्राचा सारांश: गोव्याच्या सासष्टी भागातल्या एका गावातून एका भगिनीने लिहिलं आहे. माहेर वसईचं, शिक्षण मराठी शाळेत, लग्नाला सतरा वर्षं झाली. नवरा तारवटी, वर्षातले सात-आठ महिने जहाजावर. मुलगी दहावीला, मुलगा पाचवीला. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं, आता सगळं अंथरुणातच. सकाळी नऊ ते एक मदतीला बाई येते, बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र हिच्या अंगावर.

गेल्या वर्षी एका रिट्रीटहून (प्रार्थना-शिबिराहून) आल्यावर हिने मनाशी ठरवलं, आता पवित्र जीवन जगायचं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाची मिस्सा (चर्चमधली उपासना, जिथे कम्युनियन म्हणजे पवित्र भाकर मिळते), दुपारी तीनला फोनवर दैवी करुणेची जपमाळ, संध्याकाळी तेर्स (मरियेची जपमाळ, रोझरी), रात्री बायबलचा एक अध्याय, शुक्रवारी उपास, आणि एक ना एक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कायम चालू. पण "जितकी प्रार्थना वाढली तितका माझा राग वाढला," असं ती लिहिते. एका सकाळी ती मिस्सेहून परतली तर सासूबाईंचं अंथरूण ओलं झालेलं, आणि मुलगी शाळेच्या गणवेशात, रडत, एकटीच चादर ओढत होती. ही दोघींवर ओरडली. "कम्युनियन घेऊन अर्धा तासही झाला नव्हता, मावशी." आठवड्याला कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) करते, दर वेळी तेच पाप. रिट्रीटमधली मैत्रीण म्हणते, तुझा विश्वास कमी पडतो, प्रार्थना अजून वाढव. प्रश्न असे: मी ढोंगी आहे का? हे सगळं सोडून देऊ का? की या घरात राहून पवित्र होणं माझ्या नशिबातच नाही?

---

पत्रात मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला 'तू' म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा तुझ्या प्रश्नांसाठी, आणि तिसऱ्यांदा एका वाक्यासाठी. ते वाक्य तू तक्रारीच्या ओघात लिहून पुढे गेलीस. तू लिहितेस की तीनची जपमाळ फोनवर लावली की सासूबाई बाजूच्या खोलीतून मध्येच "नमान मरिये" (तेर्समधली मरियेची कोंकणी प्रार्थना) असं काहीतरी पुटपुटतात, तुझं लक्ष उडतं, म्हणून आता तू कानात इयरफोन घालतेस.

मला आधी या इयरफोनबद्दल बोलायचं आहे.

मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग जातं आणि पुष्कळदा बोलणंही जातं. पण ज्याला "पाणी दे" एवढं साधं वाक्य जुळवता येत नाही, अशा माणसालाही लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, एखादं गाणं, आठवड्याचे वार असं काही कधी कधी आपोआप म्हणता येतं. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणजे तुझ्या सासूबाईंकडे आज जे थोडे शब्द शिल्लक असतील, त्यांत नमान मरिये आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षं रोज तेर्स म्हटलेली बाई. सगळं गेलं, हे राहिलं. तुझ्या फोनमधून जपमाळ ऐकू आली आणि त्यांनी त्यांच्या परीने उत्तर दिलं. त्या तुझं लक्ष उडवत नव्हत्या. तुझ्याबरोबर प्रार्थना करत होत्या.

तुला दुखवायला हे लिहीत नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं, थोडंफार केलंही आहे, ते पुढे सांगते. पण तुझ्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी जो समज आहे, तो त्या इयरफोनमध्ये स्वच्छ दिसतो. तुझ्या मनात देव एका खोलीत आहे आणि सासूबाई दुसऱ्या. पवित्र व्हायचं तर पहिल्या खोलीत जास्तीत जास्त वेळ काढायचा, आणि दुसऱ्या खोलीतून हाक आली की तेवढा वेळ वाया गेला. एकदा असं मानलं की प्रत्येक हाक म्हणजे अडथळाच. मग चिडचिड होणारच. प्रार्थनेचा वेळ जितका वाढवशील तितक्या त्या हाका जास्त बोचतील. तुझी मैत्रीण म्हणते विश्वास कमी पडतो. मला तसं वाटत नाही. तुझी मांडणी चुकली आहे, आणि मांडणी बदलता येते.

हा समज तुझ्या एकटीचा नाही. आपल्या लोकांच्या मनात शतकानुशतकं हेच बसलेलं आहे की पवित्र होणं हे पाद्री आणि सिस्टरांचं काम. संसारी माणसाने फार तर त्यांची थोडी नक्कल करावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तसभेविषयीचा (चर्चविषयीचा) जो दस्तऐवज जाहीर केला, त्याचं पाचवं प्रकरण याच विषयावर आहे: पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे, ज्याच्या त्याच्या जीवनस्थितीत. पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ च्या पत्रात हीच गोष्ट घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवली. शेजारच्या घरातले संत, असं ते म्हणतात: मायेने मुलं वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारी माणसं, आजारी माणसं. आणि यातलं काही नवं नाही. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली संसारी लोकांसाठी लिहिताना सांगून ठेवलं होतं की बिशपाने एकांतवासी संन्याशासारखं राहू म्हटलं, किंवा कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसू म्हटलं, तर त्या भक्तीचा काही मेळ बसणार नाही. भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि ताकदीला धरून हवी.

तू आखलेला दिनक्रम चांगल्या माणसाचा आहे, पण तो मठात राहणाऱ्या माणसाचा आहे. मठात पहाटेच्या प्रार्थनेला जाताना मागे दहावीची मुलगी ओल्या अंथरुणाशी झगडत नसते.

आता माझं सांगते. माझी आई शेवटची दीड वर्षं माझ्याकडे होती. आमचं घर इगर्जीपासून, म्हणजे चर्चपासून, हाकेच्या अंतरावर. पहाटेची घंटा झाली की खिडकीतून शेजारणी छत्री घेऊन जाताना दिसायच्या, आणि मी आईला कुशीवर वळवून खालची चादर काढत असायची. मला त्या घंटेचा राग यायचा. शेजारणींचाही. वाटायचं, या चालल्या देवाकडे आणि मी इथे धुणं धुतेय. एक दिवस आईला भेटायला एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या. त्यांच्यापाशी मी हे बोलले. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "घंटा झाली की जिथे असशील तिथे हातातलं काम दोन क्षण थांबव, आणि म्हण: प्रभू, तिकडे फादर भाकर उचलतायत, इकडे मी आईला उचलतेय, दोन्ही घे." दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं. तसंच काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण महिनाभरात त्या घंटेचा राग यायचा थांबला, एवढं मात्र झालं.

संत विन्सेंट डी पॉल आपल्या सेवाभगिनींना सांगत की प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरीब आजाऱ्याची हाक आली तर बेलाशक उठा. हे देवाला सोडून देवाकडेच जाणं आहे. त्यांच्या भगिनींचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं. तुझा मठ म्हणजे मागची खोली.

लिझ्यूच्या संत तेरेजाची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तिचं चित्र तुमच्याही इगर्जीत असेल, हातात गुलाब घेतलेलं, आणि त्या गुलाबांमुळे आपल्याला वाटतं तिचं सगळं गोडगोड होतं. तिच्या मठात एक म्हाताऱ्या, अपंग सिस्टर होत्या, दुखण्याने चिरडीला आलेल्या. रोज संध्याकाळी प्रार्थना चालू असताना, सहाला दहा कमी असताना, कुणीतरी उठून त्यांना जेवणघरात न्यावं लागे. तरुण तेरेजाने ते काम मागून घेतलं. आधी स्टूल ठरल्या पद्धतीने सरकवायचं, मग मागून त्यांचा कंबरपट्टा धरायचा, आणि अगदी हळू चालायचं. पाय जरा अडखळला की त्या म्हणत, फार जोरात चालतेस, पाडशील मला. हळू चाललं की म्हणत, धरलंयस तरी का? तरी मी म्हणत होते, तू फार लहान आहेस या कामाला. जेवणघरात बसवून, बाह्या नीट दुमडून दिल्या की तेरेजाचं काम संपायचं. पण एक दिवस तिच्या लक्षात आलं की त्यांना पाव कापता येत नाही. त्या दिवसापासून पाव कापून दिल्याशिवाय ती निघाली नाही, आणि निघताना एक हसू देऊन जाऊ लागली. न मागता कापलेल्या त्या पावाने सिस्टरांचं मन जिंकलं, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. तेरेजा चोविसाव्या वर्षी गेली, १८९७ साली. शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद दिलं. मोठमोठ्या धर्मपंडितांच्या रांगेत बसलेल्या त्या मुलीच्या शिकवणीत हा पावाचा तुकडाही आहे.

आणि एक लक्षात घे. त्या सिस्टरांना न्यायला पुढे होणं तेरेजाला फार जड गेलं होतं. तेही तिने लिहून ठेवलंय. आत गोड वाटलं म्हणजेच पावित्र्य, असं तिने कधी मानलं नाही. तुझ्या पत्रात मात्र 'शांती मिळत नाही' हे चार ठिकाणी आलंय. रिट्रीटमध्ये मिळालेली शांती खरी होती, देवाने ती तुला दिली. पण तीन दिवस आयतं जेवण, गाणी, कुणाचीही हाक नाही. अशी शांती घरी रोज मिळेल असं कुणी तुला कबूल केलेलं नव्हतं.

आता रागाबद्दल. तुझ्या रागाची मला तीन कारणं दिसतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिलं, तू थकली आहेस. रात्री दोनदा उठून कूस बदलायला लागते असं तू लिहितेस. दोन वर्षांत सलग झोप नाही. शिवाय शुक्रवारी उपास, आणि उपासाच्याच दिवशी सगळ्यात जास्त भांडणं होतात हेही तुझंच निरीक्षण. मग उपास बदल. ख्रिस्तसभा राख-बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी उपास बंधनकारक करते. बाकी शुक्रवारी मांस टाळ, किंवा वर्षभरात आपल्याकडे मुभा आहे तसं दुसरं एखादं प्रेमाचं काम कर. पोटभर जेवून शांतपणे पेज भरवणं हा शुक्रवार प्रभूला चालेल. आणि सतत रडू येणं, कशातच रस न वाटणं असं होत असेल तर डॉक्टरांना भेट. त्याचा विश्वास कमी असण्याशी काहीही संबंध नाही. मैत्रिणीने तुझ्या दमण्याला पाप म्हटलंय, ते मनावर घेऊ नकोस.

दुसरं, तू एकटी आहेस, आणि मदत मागणं तुला कमीपणाचं वाटतं. दीर वास्कोला आहे, नणंद म्हापशाला, दोघंही "फेस्ताला येऊन जातात", म्हणजे गावच्या सणापुरते. त्यांची आई आहे ना ती? नवऱ्याचा पुढचा फोन आला की बाकी गप्पा बाजूला ठेव आणि सरळ सांग: महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुझ्या भावाने किंवा बहिणीने इथे येऊन राहायचं, आणि रात्रीसाठी बाई ठेवायला पैसे वाढवून पाठवायचे. हे मागताना तुला अपराधी वाटेल. तरी माग. सगळा भार एकटीने वाहायचा आणि मग आतून धुमसायचं, याला क्रूस वाहणं म्हणत नाहीत. येशूचा क्रूसही काही अंतर सिरेनेच्या शिमोनाने उचलला होता.

तिसरं कारण तू अर्ध्या ओळीत लिहिलंयस, आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं. लग्न होऊन आलीस तेव्हा सासूबाई तुझ्या कोंकणीला हसायच्या. पाहुण्यांसमोर तुझं वाक्य पुन्हा म्हणून दाखवायच्या. तुला अजून त्या तेर्समध्ये परकं वाटतं, आणि मराठीत प्रार्थना केलीस की मुलंही आता हसतात. ज्या बाईने तुझे शब्द चोरले, तिचेच शब्द आज गेलेत, आणि तिची सगळी स्वच्छता तुझ्या हातात आहे. असा राग नोव्हेनाने जात नाही, कारण तू नोव्हेनात त्याचं नावच घेत नाहीस. तू मागतेस "मला सहनशक्ती दे". त्याऐवजी एकदा, दार लावून, मराठीत म्हण: "प्रभू, मला त्यांनी फार दुखवलं होतं." तेवढंच. क्षमा लगेच जमणार नाही, पण काय क्षमा करायचं आहे ते तरी प्रभूसमोर टेबलावर येऊ दे.

मराठीत प्रार्थना करायला लाजू नकोस हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. तू ज्या सासष्टीत राहतेस तिथेच, राचोलला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत. त्याच माणसाने कोंकणीत धर्मशिक्षणाचं पुस्तकही लिहिलं, ते त्यांच्या पश्चात १६२२ मध्ये निघालं. दोन्ही भाषांत एकाच माणसाने देवाबद्दल लिहिलं, आणि दोन्ही याच मातीत. तेव्हा एकटी असशील तेव्हा मराठी, सासूबाईंच्या उशाशी कोंकणी. मुलांनाही हे पुराण कुठे छापलं गेलं ते सांग.

आता तुझा मुख्य प्रश्न: सगळं सोडून देऊ का? नको. आपल्यातली बरीच माणसं इथे दुसऱ्या टोकाला जातात. "सेवा हीच प्रार्थना" म्हणतात आणि प्रार्थना बंद करतात. सहा महिन्यांत सेवाही कोरडी होते, मग नुसतं काम उरतं आणि कामाचा हिशेब. प्रार्थनेशिवाय त्या मागच्या खोलीत तुला सासूबाई दिसतील, प्रभू दिसणार नाही. म्हणून प्रार्थना ठेव, पण ती तुझ्या घराच्या मापाची कर. तुझ्यासारखं घर असलेल्या बाकीच्या वाचकांनीही, मग घरात म्हातारं माणूस असो, तान्हं मूल असो की रात्रपाळी असो, आपापल्या परीने माप घ्यावं.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. साडेसहाची मिस्सा रोज नाही. नवरा घरी असेल त्या महिन्यांत रोज जा, खुशाल जा. तो नसताना आठवड्यातून एक दिवस, जेव्हा मुलीला शाळेची घाई नसेल आणि वाड्यावरची कुणी तासभर येऊन बसेल. रविवारची मिस्सा हे कर्तव्य आहे, त्यासाठी तुमच्या वाड्याच्या लहान ख्रिस्ती समाजात उघड विचार: रविवारी एक तास आमच्याकडे कोण बसेल? लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कुणी सांगत नाही एवढंच. आणि एखाद्या रविवारी खरोखरच कुणी मिळालं नाही, सासूबाईंना ताप आहे, तर तू पापात नाहीस. आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी अशा गंभीर कारणाने माणूस त्या कर्तव्यातून मोकळा होतो, असं ख्रिस्तसभेची शिकवणच सांगते.

तुझ्या पत्रात कुठेही दिसलं नाही म्हणून विचारते, सासूबाईंना शेवटचं कम्युनियन कधी मिळालं? तू वर्षभर रोज घेतेस, आणि त्या? विगार फादरांना, म्हणजे तुमच्या इगर्जीच्या मुख्य पाद्रींना, फोन कर. आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेऊन देणं हे धर्मग्रामाचं नेहमीचं काम आहे, पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरोघर जातात, काही ठिकाणी नेमलेले सेवक नेतात. गिळायला त्रास होत असेल तर तसं आधी सांग, लहानसा तुकडा पाण्याबरोबर देता येतो. त्याच वेळी तूही घेऊ शकतेस. कम्युनियनआधी एक तास काही न खाण्याचा जो नियम आहे, तो वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना लागू होत नाही. कायद्याच्या पुस्तकात तुझी आठवण कुणीतरी ठेवली होती बघ. आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार झाला नसेल तर तोही मागून घे. घरी पाद्री तेल घेऊन आले म्हणजे आता शेवट, ही भीती सोडा. तो संस्कार मरणाऱ्यांपुरता नाही, गंभीर आजाऱ्यांसाठी आणि म्हातारपणाने थकलेल्यांसाठीही आहे, आणि प्रकृती आणखी बिघडली तर पुन्हा घेता येतो.

बाकी दिवसाला तीन खुंट्या पुरेत. सकाळी उठल्यावर चहाआधी पाच मिनिटं, आजच्या दिवसातलं जे जे येईल ते अर्पण करायला. दुपारी तीनची जपमाळ, पण इयरफोनशिवाय आणि त्यांच्या खोलीत. संध्याकाळी तेर्स, मुलांसकट, जमली तर पाचही रहस्यं (तेर्सचे पाच भाग), नाही जमली तर एक. रात्रीचा बायबलचा अध्याय झोपेत वाचण्यापेक्षा रविवारच्या शुभवर्तमानाच्या चार ओळी आठवडाभर पुरवून वाच. नोव्हेना सध्या एकही नको. सांकवाळला होणाऱ्या संत जोसेफ वाझ यांच्या नोव्हेनाची तुला ओढ आहे हे मला कळतं. बाणावलीत जन्मलेला हा आपला माणूस, २०१५ साली संतपदाला पोचलेला. पण १६९७ साली श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, माणसं आजाऱ्यांना टाकून पळाली, तेव्हा त्यांनी त्या आजाऱ्यांना शोधून शोधून त्यांची सेवा केली. तू रोज तेच करतेस. त्यांना सांग, या वर्षी माझी नोव्हेना हीच.

कुमसाराचं थोडक्यात. दर आठवड्याला जाऊन तेच पाप सांगतेस आणि संस्कार लागू पडत नाही म्हणतेस. महिन्यातून एकदा जा, शक्यतो एकाच फादरांकडे, आणि 'मी रागावले' एवढ्यावर थांबू नकोस, परिस्थिती सांग. राग मनात उसळणं हे पाप नव्हे. त्यानंतर आपण काय करतो ते बघायचं. उसळला तेव्हा खोलीबाहेर गेलीस, तोंडावर पाणी मारलंस, तर तिथे तू जिंकलीस, ते मोजायलाही शीक. ओरडलीस, ते मात्र चुकलं. ते तू फादरांना सांगितलंस, देवाला सांगितलंस, मला सांगितलंस. मुलीला सांगितलंस का?

त्या सकाळी ती पळून गेली नव्हती. पंधरा वर्षांची पोर, शाळेला उशीर होत असताना, आजीची ओली चादर ओढत होती. रडत होती पण ओढत होती. तुझ्या घरात पावित्र्य वाढतंय की नाही असं तू विचारतेस. मला तर त्या खोलीत ते उभंच दिसतंय, गणवेशात. आज तिला जवळ घेऊन म्हण, त्या दिवशी माझं चुकलं, तू फार चांगलं केलंस. आणि यापुढे सकाळचं ते काम तिच्यावर टाकू नकोस, तिचं वर्ष दहावीचं आहे.

ढोंगी आहेस का, हे राहिलं. ढोंगी माणूस लोकांना दाखवायला प्रार्थना करतो. तू भुकेने करतेस. भूक खरी आहे, म्हणून तर एवढं लांब पत्र लिहिलंस.

शेवटी एक काम सांगते, ते आजच कर. तुमच्या घरी तेर्स झाल्यावर मुलं आजीकडून बेसांव (आशीर्वाद) घेतात का? पूर्वी प्रत्येक घरी घ्यायचे, आता बऱ्याच घरांत राहून गेलंय, आणि आजी आजारी पडली की मुलं तिच्याकडे जायचीच बंद होतात. आज तेर्स त्यांच्या पलंगापाशी म्हणा. नमान मरियेचा पहिला अर्धा भाग तू म्हण आणि थांब. घाई करू नकोस. "देवाचे माये" त्यांच्याकडून येतं का बघ, आलं नाही तर मुलं म्हणतील. झाल्यावर मुलांना एकेक करून पुढे पाठव. त्यांचा उजवा हात उठणार नाही, डावा उठेल, थरथरत उठेल. मुलांचं झालं की तूही पुढे हो आणि डोकं खाली कर.